व्हॅश्टी बनयन: एका अल्बमनंतर ३५ वर्षं गप्प का?

पाऊलवाट:
गेले पंधरा दिवस व्हॅश्टी बनयन या ब्रिटिश गायिकेचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ सोडून दुसरं काही ऐकलं नाहीये. अल्बम १९७० चा आणि पुढचा थेट २००५ ला! मधे काय झालं? आवाज गेला होता का? ब्रिटिश लोकगायकांमध्ये इतकं हळू गाणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाही.

मंद्रसप्तक:
आवाज नव्हता गेला, उमेद गेली होती.

तिला खरं तर पॉप गायिका व्हायचं होतं. १९६५ मध्ये पहिली रेकॉर्ड आली ती रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या मॅनेजरने, अँड्र्यू लूग ओल्डहॅमने काढलेली. गाणंही त्याच बँडच्या जॅगर-रिचर्ड्सचं, तिचं स्वतःचं मागच्या बाजूला. ती चालली नाही. मग १९६८ मध्ये ती आणि तिचा जोडीदार घोडागाडी घेऊन लंडनहून निघाले, थेट स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे. गायक डोनोव्हन तिथे कलावंतांची वस्ती करणार होता, गाडी-घोड्यासाठी पैसेही त्यानेच उसने दिले होते. घोडीचं नाव बेस. अल्बममधली कितीतरी गाणी त्या वाटेवर सुचलेली आहेत, एक तर चक्क बेसवरच आहे. मी गिटारवर ती बसवायला घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं की लय घाईने धरली की गाणं मोडतं. चालत्या घोडीच्या पावलाने वाजवलं की बोटं आपोआप जागेवर पडतात.

रेकॉर्डिंग १९६९ च्या शेवटी, निर्माता जो बॉइड. वाद्यवृंदाची बांधणी काही गाण्यांना रॉबर्ट कर्बीची, म्हणजे गायक निक ड्रेकसाठी काम करणारा तोच. एवढी माणसं पाठीशी असूनही अल्बम जवळजवळ कुणी विकत घेतला नाही. तोवर ती आई झाली होती. गिटार बाजूला पडली ती पडलीच. मुलं वाढवली, जनावरं पाळली. माझा जीव इथे तुटतो. ती वाईट गात होती म्हणून नव्हे, कुणी ऐकलंच नाही म्हणून ती थांबली.

जुनीतबकडी:
पुढचं मी सांगतो. नव्वदच्या दशकात तिने इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधून पाहिलं, तर लोक तिची जुनी रेकॉर्ड धुंडाळत होते! २००० मध्ये अल्बम पुन्हा निघाला. मूळ प्रत आज हजार पौंडांच्या वर जाते. २००५ चा ‘लुकआफ्टरिंग’ संगीतकार मॅक्स रिक्टरने निर्माता म्हणून केला, त्यात जोअ‍ॅना न्यूसमची हार्प आहे. २०१४ चा ‘हार्टलीप’ मात्र तिने बराचसा घरीच, स्वतः रेकॉर्ड केला.

एक दुरुस्ती: ‘लोकगायिका’ हा शिक्का तिला स्वतःला मान्य नाही. परंपरेतली गाणी तिने गायलेली नाहीत, शब्द-चाली तिच्याच. पारंपरिक गाणं ऐकायचं असेल तर शर्ली कॉलिन्स ऐका. तीही अशीच कित्येक वर्षं गप्प होती, २०१६ मध्ये परतली.

पाऊलवाट:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री ‘लुकआफ्टरिंग’ लावला. हेडफोन लावूनच ऐका, ओळ सुरू होण्याआधीचा तिचा श्वास ऐकू येतो. आवाज जवळपास तोच आहे हो! मी पहिलं गाणं तीनदा ऐकलं, पुढे जाववेना.

मंद्रसप्तक:
आज पुढे जा. आणि क्रम बदलू नका.