मदत हवी आहे: पगचं घोरणं, आणि त्याच्या मेटिंगबद्दल

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे अडीच वर्षांचा पग आहे, नर. घरी आला तेव्हापासून घोरतो, तेही भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं. आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवायचो. परवा लसीसाठी नेला, तर डॉक्टर त्याच्या नाकपुड्यांकडे बघत म्हणाले, "हे नुसतं घोरणं नाही, याला श्वास पुरत नाहीये." आता ते व्हिडिओ बघवत नाहीत.

त्यातच ओळखीतल्या एका बाईंनी त्यांच्या मादीसाठी विचारलंय. दोघांचे पेपर आहेत, 'चेहरा एकदम चपटा, टॉप क्वालिटी', एक पिल्लू आम्हाला. घरात दोन तट पडलेत.

तो बसल्याबसल्या झोपतो, नाहीतर तोंडात खेळणं धरून. नुसतं नाक आखूड असल्याने एवढं बिघडतं? आणि पेपर असले की पिल्लं निरोगी, असं धरायचं का? जाणकारांनी सांगावं.

तिरकी_मान:
खेळणं धरून झोपतो कारण त्याने तोंड उघडं राहतं. माझीही तेच करायची, आम्हाला वाटायचं लाड आहेत.

माणसाने चपट्या तोंडाची कुत्री निवडत निवडत हाड आखूड केलं, पण आतलं मांस त्या मानाने घटलं नाही. टाळूचा मागचा मऊ भाग लांबच राहिला, तो घशात लोंबतो. नाकपुड्या चिरेएवढ्या. कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः धापा टाकून, म्हणून उन्हात यांची हालत होते. डोळ्यांच्या खोबणीही उथळ, त्यामुळे बुबुळाला जखमा लवकर होतात. नाकपुड्या रुंद करायची आणि टाळू कमी करायची शस्त्रक्रिया होते. तोवर वजन उतरवा आणि गळपट्टा काढून हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घाला. वजनाचं खरंच मनावर घ्या.

जुना_खोडरबर:
पेपर म्हणजे वंशावळ. तब्येतीचा दाखला नव्हे.

डाल्मेशियनचं बघा. लघवीत युरिक ॲसिड जास्त जायचा दोष त्या जातीत सरसकट पसरला, त्यातून मूतखडे. निरोगी जनुक जातीत उरलंच नव्हतं, मग कितीही उत्तम पेपरवाली जोडी लावा, येणार कुठून? 1973 मध्ये अमेरिकेत एकदा पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. कुत्री दिसायला तशीच ठिपकेदार, दोष मात्र गेला. तरी अमेरिकन केनेल क्लबने ती वंशावळ स्वीकारायला 2011 उजाडलं! रक्ताच्या शुद्धतेचं वेड, दुसरं काय.

नेदरलँड्समध्ये तर नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. तुमच्या बाई ज्याला टॉप क्वालिटी म्हणतायत ते हेच.

बिनसाखरेचा:
उगाच घाबरवू नका. आमचा पग चौदा वर्षं मजेत जगला.

तिरकी_मान:
छानच की. पण त्यांच्या कुत्र्याला आत्ताच श्वास पुरत नाहीये, त्याची पिल्लं कशाला काढायची?

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बाईंना नकार कळवला, जरा रागावल्या. डॉक्टर म्हणतात, टाळू, नाकपुड्या आणि नसबंदी एकाच भुलीत उरकू. आता भुलीचीच धास्ती वाटतेय. काय विचारून घेऊ?

तिरकी_मान:
शुद्धीवर येताना जास्त जपावं लागतं, कारण भुलीत श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली की घसा सुजून बंद होऊ शकतो. नळी पूर्ण जाग आल्यावरच काढणार ना, आणि त्या रात्री दवाखान्यात लक्ष ठेवायला कोण असणार, हे दोन विचारा. दुसऱ्याचं उत्तर 'कोणी नाही' आलं तर जागा बदला.