जपानी जेवण खरंच एवढं हेल्दी आहे का?

प्रश्न: मासे, भात, सोयाबीन खाऊन जपानी लोक शंभरी गाठतात असं सगळीकडे वाचतो, मग त्यांना खाण्याचे प्रॉब्लेम नाहीतच का?

उत्तर १: आहेत की! मीठ. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), सोया सॉस, लोणची, रामेनचं (नूडल्सच्या डिशचं) सूप, सगळंच खारट, माणशी दिवसाला साधारण १० ग्रॅम जातं पोटात आणि डब्ल्यूएचओ म्हणतं ५ च्या आत ठेवा. उत्तर जपानातल्या अकिता-आओमोरीकडे थंडीसाठी खारवून ठेवलेलं खायचे, स्ट्रोकने खूप माणसं जायची. मध्य जपानातल्या नागानो प्रांतातही तीच गत होती, पण तिथे गावातल्या व्हॉलंटियर बायका घरोघरी जाऊन मिसो सूपचा खारटपणा मोजायच्या (आपल्याला कोणी असं मोजायला आलं तर काय म्हणू!), आता आयुर्मानात नागानो वरच्या नंबरात असतं.

उत्तर २: २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांची कंबर पण तपासणीत मोजतात, मर्यादा पुरुषांना ८५ सेंमी, बायकांना ९०. कंबर जास्त भरली तर त्या माणसाला दंड वगैरे होतो म्हणतात ती अफवा हां, त्याला फक्त सल्ला देतात.

उत्तर ३: जाडीचं सोडा, विशीतल्या पाचातली जवळपास एक मुलगी अंडरवेट आहे तिकडे, त्याचं कोणी बोलतच नाही.

प्रश्नकर्ता: अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. मग रामेनचं सूप सोडून द्यायचं का?

उत्तर १: हो, नूडल्स खा, सूप वाटीतच राहू दे.