जुन्या कोअर २ ड्युओसाठी लायब्ररी कंपाइल करायची आहे, सल्ला हवा

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. कळव्यात आम्ही काही जण दर रविवारी मुलांना पायथन शिकवतो. एका ऑफिसने काढून टाकलेली सहा मशीन मिळाली आहेत, कोअर २ ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) छान चालतं. ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) आणि ओपनब्लास (गणिताची लायब्ररी) घरच्या नव्या लॅपटॉपवर कंपाइल करून, म्हणजे सोर्स कोडमधून बनवून, पेनड्राइव्हवर नेलं, तर पायथनमध्ये इम्पोर्ट करताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना, असा एरर. मुलं स्क्रीनकडे बघत बसली होती, फार वाईट वाटलं. काय करू?

घोडबंदर_रोड
डेबियनचंच ओपनसीव्ही का नाही घेत? त्यांची ६४-बिट पॅकेजेस अजूनही सगळ्यात जुन्या ६४-बिट प्रोसेसरना धरूनच बनतात.

ऐरोलीकर
तिथे ४.६ आहे, माझं चेहरा शोधायचं मॉडेल त्यात उघडत नाही.

खारेगाव_खाडी
कंपाइल करताना 'मार्च=नेटिव्ह' (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बनव) दिलं होतंत ना? मग कंपायलरने तुमच्या लॅपटॉपच्या एव्हीएक्स२ सूचना (एका वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) बिनधास्त वापरल्या. जुन्या प्रोसेसरला त्या माहीतच नाहीत.

२०२० मध्ये ६४-बिट प्रोसेसरच्या चार पायऱ्या ठरल्या. दुसरीला एसएसई ४.२ (तशाच सूचनांचा जुना संच) आणि पॉपकाउंट (१ असलेले बिट मोजणारी सूचना) लागतं, तिसरीला एव्हीएक्स२. ई७५०० एसएसई ४.१ पर्यंतच येतो, म्हणजे तुम्ही पहिल्याच पायरीवर. 'मार्च=एक्स८६-६४' द्या. 'एमट्यून' (कोणत्या प्रोसेसरवर वेगवान चालावं ते सांगणारा पर्याय) काहीही ठेवा, त्याने फक्त सूचनांची निवड आणि क्रम बदलतो, नवी सूचना येत नाही. जुना बिल्ड फोल्डर आधी पुसा, सीमेक (बिल्डची मांडणी करणारा प्रोग्राम) जुने पर्याय लक्षात ठेवतो.

ओपनसीव्हीत 'सीपीयू बेसलाइन' (प्रोसेसरकडून किमान अपेक्षा) एसएसई३ करा. ओपनब्लासला 'डायनॅमिक आर्च=१' आणि 'टार्गेट=कोअर२' द्या. मग चालताना प्रोसेसर बघून योग्य कोड तो स्वतः निवडतो. तळ खालचा ठेवायचा आणि वरचं चालताना ठरू द्यायचं, मला तरी हीच पद्धत पटते. एका मशीनसाठी घासून बनवलेली लायब्ररी दुसऱ्या कोणाच्या कामाची राहत नाही.

घोडबंदर_रोड
लॅमिंग्टन रोडवरून त्याच बोर्डात बसणारा चांगला प्रोसेसर आणला तर?

खारेगाव_खाडी
नाही हो. तुमच्या बोर्डाच्या एलजीए ७७५ सॉकेटमध्ये बसणाऱ्या एकाही प्रोसेसरला एसएसई ४.२ नाही. पैसे फुकट जातील.

वाशी_सेक्टर१७
ऐरोलीकर, कळव्याला नेण्याआधी घरीच तपासा. क्यूएमू हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करतो; त्याच्या यूजर मोडमध्ये (फक्त एक प्रोग्राम चालवायची पद्धत) सीपीयू 'पेनरिन' (तुमच्या ई७५०० च्या पिढीचं नाव) देऊन पायथन चालवा. चुकीची सूचना असेल तर तिथेच पडेल. पडलंच तर जीडीबीत (चुका शोधायचा प्रोग्राम) लावून नेमकी कोणती सूचना आणि कुठल्या फाइलीत आहे ते पाहा. लायब्ररीत नुसत्या एव्हीएक्सच्या सूचना दिसल्या म्हणून घाबरू नका, चालताना निवडायचा कोडही त्याच फाइलीत असतो. माझ्याकडे दोषी निघालं ते तिसरंच, दुसऱ्या कोणीतरी आधी कंपाइल करून ठेवलेलं स्टॅटिक आर्काइव्ह (लायब्ररीत थेट मिसळला जाणारा तयार कोड).

ऐरोलीकर
खूप आभार. 'नेटिव्ह'च दिलं होतं. काल रात्री सगळं पुसून पुन्हा केलं, पेनरिनवर इम्पोर्ट झालं. नंपायही (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) मीच बनवलेलं आहे, त्यालाही तोच फ्लॅग लावतोय. रविवारी सहाही मशीनवर चालवून इथे लिहितो.