पुन: पुन: मेहरूण: बोया परत सरकला, नांगराचं बघा

मंडळी,
मेहरूण तलावातल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा मार्ग दाखवणारा दोन नंबरचा तरंगता बोया चाचणीत पुन्हा काठाला लागला. नांगर म्हणून पोतं २५ किलो वाळूचं, पाणी ४ मीटर खोल, दोरी ५ मीटर. आप्पा म्हणतात ५० किलोचं टाका. ते संध्याकाळी वर ओढणार कोण? शर्यती रविवारी आहेत, लवकर सांगा.
– नाना, जळगाव

> आप्पा म्हणतात ५० किलोचं टाका

नाना, नुसतं वजन वाढवून भागत नाही. २५ किलो वाळू पाण्यात साडेपंधराच भरते. दोरी आखूड, त्यामुळे वाऱ्याने बोया ओढला की ती पोतं वर उचलते, मग ते घसरत जातं. दोरी खोलीच्या तिप्पट हवी, म्हणजे १२ मीटर. पोत्याऐवजी ४-५ किलोचा फाळाचा नांगर आणि त्याला २ मीटर साखळी. साखळीच्या वजनाने ओढ आडवी पडते आणि फाळ गाळात रुततो.
– ताई, सिडनी

बोयांचं काम आमच्या भुसावळच्या मंडळींकडे आहे, एवढं लक्षात असू द्या. ४ मीटर पाण्यात १२ मीटर दोरी सोडली तर उरलेली वर तरंगेल. पोरांच्या ऑप्टिमिस्टची, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीची, पाण्यातली खालची फळी तिच्यात अडकली की बोट बोयावरच आदळणार. त्यापेक्षा रुळाचा तुकडा बांधू. लोखंड पाण्यातही फारसं हलकं होत नाही.
– आप्पा

रूळ रेल्वेचा आहे आप्पा, भुसावळचा नाही.

बोयांच्या नावाने शाळेसाठी येणाऱ्या देणग्यांचं सांगतो, कारण दोघांनी परस्पर शाळेच्या संस्थेचा खाते क्रमांक मागितलाय. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी विदेशी योगदानच. संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ही भानगड नाही. आपल्या मंडळाच्या परदेशातल्या खात्यातून मात्र नको. कोणीही मला विचारल्याशिवाय पाठवू नका.
– खजिनदार

आणि "पाठ्यपुस्तकांसाठी" असं देणग्यांच्या पत्रकात छापू नका हो. झेडपीच्या शाळेत आठवीपर्यंत ती फुकटच मिळतात. अडतं ते वह्या, दप्तर आणि नववी-दहावीला. भरीत-पुरीच्या स्टॉलला बामणोदची वांगी कोण आणतंय?
– काकू, पुणे मुक्कामी

> उरलेली वर तरंगेल

तरंगते ती बाजारातली निळी पीपीची (पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकची). नायलॉन घ्या, ती बुडते. शिवाय बोयाखाली दीड-दोन मीटरवर दोरीला २ किलो वजन लटकवा, पिशवीत जुने नटबोल्ट भरले तरी पुरे. वारा पडला की दोरी सरळ खाली लोंबते, वाढला की ताण घेते. फळीत येत नाही.
– ताई

ताई, तळाला विसर्जनाच्या मूर्तींचे लाकडी सांगाडे आहेत. फाळ त्यात अडकला म्हणजे?
– नाना

नांगराच्या डोक्याला, फाळाच्या बाजूला, वेगळी बारीक दोरी बांधायची आणि वर रिकामी बाटली. अडकला तर ती ओढायची, फाळ उलटा निघतो. साखळीच्या शॅकलची (जोडकडीची) पिन तारेने आवळून बांधा, नाहीतर हेलकाव्याने फिरून सुटते. मग बोया जातो आणि नांगर खालीच राहतो.
– ताई

तार आणतो. रुळाचा तुकडाही आणतो.
– आप्पा