परराष्ट्र धोरण जाणकारांवर सोडायचं, तर कांद्याचे ट्रक सीमेवर का सडले?

गोदाकाठ
काल बांगलादेशच्या धाग्यावर पेठकर यांनी लिहिलं की "परराष्ट्र धोरण हा ग्रामसभेचा विषय नाही, शेतकरी, राज्यं आणि प्रादेशिक पक्ष मध्ये पडले की देशाचं नुकसान होतं, ते जाणकारांवर सोडा." तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

पेठकर, जाणकार म्हणजे नक्की कोण ते एकदा सांगा. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यातबंदी आली. नोटिफिकेशन कोणी काढलं? डीजीएफटीने (विदेश व्यापार महासंचालनालय), म्हणजे वाणिज्य मंत्रालयाने. मागे लागलं होतं ग्राहक खातं, कारण दिल्लीतले भाव चढत होते. आणि ढाक्याला तोंड देणार कोण, तर परराष्ट्र खातं. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या बंगालमधल्या सीमानाक्यांवर भरलेले ट्रक रांगेत उभे, वरून पाऊस. दुसऱ्याच दिवशी बांगलादेशने पत्र पाठवलं की आधी सूचना द्यायचं आपलं बोलणं झालं होतं. त्यांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री मोमेन यांनी पत्रकारांना सांगितलं की दिल्लीच्या परराष्ट्र खात्याला याची कल्पनाच नव्हती आणि त्यांना वाईट वाटतंय. मग शेवटी २५ हजार टन सोडला, तोवर कितीतरी गोण्यांतून पाणी गळायला लागलेलं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी घातली, त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत. भर कार्यक्रमात म्हणाल्या की आचाऱ्याला सांगून ठेवलंय, कांदा न घालता स्वयंपाक कर, आणि पुढच्या वेळी जरा आधी सांगत जा. लोक हसले, टाळ्या वाजल्या. अकरा महिन्यांनी परत तेच! एका शेजारी देशाची पंतप्रधान आपल्या राजधानीत उभी राहून विनंती करते आणि ती विनंती वाणिज्य मंत्रालयापर्यंत पोचतच नाही, याला धोरण म्हणायचं?

माझं म्हणणं साधं आहे. धोरण परराष्ट्र खात्यात लिहिलं जात असेल, पण ते घडतं पाच-सहा खात्यांत, आणि ती खाती एकमेकांना विचारत नाहीत. आणि ज्याच्या मालावर ते घडतं तो शेतकरी कुठल्याच टेबलावर नसतो. तुम्ही म्हणता आमच्यामुळे नुकसान होतं. आम्हाला विचारलं कधी ते तरी सांगा.

पेठकर
भावनिक लिहिलंय, पण मूळ मुद्दा तिथेच राहिला. सरकारने आधी १४० कोटी लोकांच्या ताटाचं बघायचं की ढाक्याच्या? १९९८ मध्ये कांद्यावरून दिल्लीचं राज्य सरकार गेलं, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही आणि विसरणारही नाही. टंचाईत निर्यात थांबवणं हा प्रत्येक देशाचा हक्क आहे, १३ मे २०२२ ला गहू थांबवला, २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ थांबवला.

आता राज्यांना टेबलावर बसवल्यावर काय होतं ते बघा. सप्टेंबर २०११, बांगलादेशशी तिस्ता नदीच्या पाण्याचा करार तयार, मनमोहन सिंग ढाक्याला निघालेत, आणि ममता बॅनर्जी ऐनवेळी म्हणाल्या मी येत नाही. करार अजून अडकलेलाच आहे. २०१३ मध्ये तमिळ पक्षांच्या दबावामुळे पंतप्रधान कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला गेले नाहीत. श्रीलंकेत तेव्हा चीन बंदरं बांधत होता आणि आपण चेन्नईकडे बघत बसलो. असा देश चालतो का? उद्या प्रत्येक बाजार समितीला व्हेटो देणार?

बार_रूम
पेठकर, तिस्ता सांगता तर १९९६ पण सांगा. बांगलादेशशी गंगेच्या पाण्याचा करार झाला तेव्हा बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आधीपासून चर्चेत होते, स्वतः ढाक्याला जाऊन आले, म्हणून तर तो झाला. डिसेंबर २०२६ मध्ये त्याला तीस वर्षं होतात, मुदत तेवढीच होती. म्हणजे राज्याला आधी विचारलं तर करार होतो, शेवटच्या क्षणी विमानात बसायला बोलावलं तर अडतो.

आणि संसदेचं म्हणाल तर आपल्याकडे करार मंजूर करायला संसद लागतच नाही. केंद्र सूचीत करार करायचा अधिकार आहे, कलम २५३ खाली कायदा करायचा तर संसद येते, एरवी मंत्रिमंडळाने केलं की झालं. जमीन द्यायची असेल तरच घटनादुरुस्ती, म्हणून १९७४ चा सीमा करार २०१५ च्या शंभराव्या दुरुस्तीने पुरा झाला. तोवर छिटमहालातल्या, म्हणजे एका देशाच्या पण दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांतल्या, लोकांच्या पिढ्या कुठल्याच देशाच्या धड नव्हत्या. आणि अमेरिकेशी अणुकराराच्या वेळी २००८ ला जे मतदान झालं ते विश्वासदर्शक होतं, करारावर नव्हतं. एवढा मोकळा हात असलेलं सरकार "राज्यं आडवी येतात" म्हणतं तेव्हा मला राग येतो.

वऱ्हाडी_ठेचा
कांदा कांदा कांदा. संत्र्याचं बोला ना कोणी! आमच्या वरुड-मोर्शीचा माल लय बांगलादेशवर अवलंबून होता. २०१९ ला त्यांचं आयात शुल्क किलोमागे २० रुपये होतं, ते २०२३ पर्यंत ८८ वर नेलं. इकडे व्यापाऱ्यानं बगिचे घेणंच सोडलं. माझ्या काकानं त्या वर्षी आंबिया बहाराची फळं झाडाखाली पडलेली तशीच ठेवली, तोडायची मजुरी निघत नव्हती. आमच्याकडं शेंबडं पोरगं बी सांगते का हा कांद्याचा राग संत्र्यावर निघाला. राज्य सरकारनं मग अर्ध्या शुल्काचं अनुदान जाहीर केलं, किलोला ४४ रुपये. म्हणजे दिल्लीनं भांडण करायचं आन भरपाई मुंबईनं द्यायची. लासलगाववाल्यांसाठी मोर्चे निघतात, विदर्भासाठी कोण रडते?

पेठकर
संत्र्याचा कांद्याशी संबंध जोडणं म्हणजे कमाल आहे. बांगलादेशकडे डॉलर नव्हते म्हणून २०२२ मध्ये त्यांनी सगळ्याच परदेशी फळांवर शुल्क वाढवलं, सफरचंद, द्राक्षं, सगळं. तुमच्यावर कोणी डूख धरलेला नाही.

वऱ्हाडी_ठेचा
डॉलर २०२२ ला संपले, शुल्क २०२० पासून वाढतच होतं. तारखा तर नीट लावा, मंग शिकवा. पुण्यात बसून संत्र्याचा भाव सांगणारे लय पाहिले.

आडतवाला
मी बाजार समितीत वाढलोय, वडिलांची आडत होती. एक कटू बोलतो. निर्यात सुरू असते तेव्हाही शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? बंदी उठणार ही कुणकुण काही मोठ्या लोकांना आधी लागते, कांदाचाळीत साठवलेला माल ते आधीच उचलून ठेवतात. गोदाकाठ यांनी परराष्ट्र खात्याला धरलंय, पण खरा खेळ गावातच चालतो. एप्रिल २०२४ मध्ये बंदी असताना सहा देशांना ९९,१५० टन द्यायचं जाहीर झालं, बांगलादेश, यूएई, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका. हा माल जाणार सरकारच्या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. इथला भाव काय आणि तिथला भाव काय, मधला फरक कुणाकडे गेला याचा हिशोब आम्हाला तरी कुठे दिसला नाही.

निफाडची_सून
आडतवाले दादा, गावातला खेळ तुम्हीच सांगताय म्हणून विचारते. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली त्या दिवशी आमचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत होता. लाल कांदा, तो काय चाळीत ठेवता येत नाही, काढला की विकायचाच. सकाळी लोक एकमेकांना मोबाईल दाखवायला लागले, थोड्या वेळात लिलावच बंद. दोन दिवसांनी सासरे परत गेले तर निम्म्याने भाव, आणि वर व्यापारी म्हणतो माल ओला आहे, वजनात एवढी कट्टी, म्हणजे कपात, धरणार. तोच माल, तीच गोणी, दोन दिवसांत ओला कसा झाला हो? दिल्लीने भाव पाडला हे खरं, पण पडलेल्या भावावर वर पाय कुणी दिला?

आडतवाला
ताई, सगळ्या व्यापाऱ्यांना एका मापाने मोजू नका. बंदीच्या दिवशी व्यापाऱ्याचा माल न्हावाशेव्याला कंटेनरमध्ये अडकलेला असतो, बँकेचं व्याज चालू, तिकडचा खरेदीदार फोन उचलत नाही. माझ्या वडिलांनी अशाच एका बंदीत आडत बंद केली. त्यांना लुटारू म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

निफाडची_सून
तुमच्या वडिलांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. कट्टी कशाची धरली एवढंच विचारलंय, आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

चाकरमानी_ठाणे
ग्राहक म्हणून कोणी बोलणार आहे का? ऐंशी रुपये किलोने मी घेतलाय कांदा. शेतकऱ्याला मिळाले पंधरा आणि मी दिले ऐंशी, तर मधल्या पासष्टसाठी परराष्ट्र धोरण कशाला हवं, आडतवाल्यांनाच विचारा.

आडतवाला
तो फरक मुंबईतल्या किरकोळवाल्याला विचारा. वाशीपर्यंतचं भाडं, हमाली, तोलाई, घट, सगळं धरून बघा आणि मग बोला. एसी ऑफिसात बसून बोलायला काय जातं.

बार_रूम
आडतवाले, पातळी सोडू नका. आणि धागा परराष्ट्र धोरणाचा आहे, हमालीचा नाही.

दुबईकर_चिपळूण
आतापर्यंत वाचतच होतो. मी इथे अल अवीरच्या भाजी मार्केटात माल उतरवून घेणाऱ्या कंपनीत आहे. नाशिकचा कांदा आला की इथले लोक रंगावरून ओळखायचे, दोन पैसे जास्त द्यायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान भाव, डिसेंबरमध्ये बंदी. चार महिन्यांत तीन नियम. आमचा जुना गिऱ्हाईक केरळचा, त्याने मला सरळ सांगितलं, "भाई, मला रोज कांदा लागतो, तुमच्या सरकारचा मूड नाही लागत." तो पाकिस्तानी मालावर गेला, इजिप्तचा घेतला. ४ मे २०२४ ला बंदी उठली तरी तो पूर्ण परत आला नाही. १ एप्रिल २०२५ ला उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं, तेव्हा इथली जागा भरलेली होती. बांगलादेशात पण तेच झालं, त्यांनी स्वतःच्या फरीदपूर, पाबना भागात लागवड वाढवली.

शेतकऱ्याचं नुकसान एका हंगामाचं दिसतं, पण देशाचं नाव जातं ते परत यायला वर्षं लागतात. आणि ते नाव कमवायला राजदूतांचा पगार नाही, आमच्या लोकांची मेहनत गेली होती.

पेठकर
दुबईकरांचं वाचलं. ठीक, वारंवार नियम बदलण्याने विश्वास जातो हे मान्य करावं लागेल. पण म्हणून कांदा हे हत्यार वापरूच नये असं नाही. मालदीवमध्ये 'इंडिया आउट' म्हणत मुइज्जू निवडून आले, आपले सैनिक परत पाठवायला लावले. तरी एप्रिल २०२४ मध्ये आपण त्यांना कांदा, बटाटा, अंडी, तांदूळ, साखर यांचा कोटा दिला, १९८१ पासून ही व्यवस्था आहे तेव्हापासूनचा सर्वात मोठा. इकडे निर्यातबंदी चालू असताना दिला. ऑक्टोबरमध्ये मुइज्जू दिल्लीला आले. हे जाणकारांचंच काम होतं आणि ते नीट झालं. तिथे नाशिकला विचारत बसलो असतो तर?

गोदाकाठ
विचारलं असतं तर नाशिकने हो म्हटलं असतं! आमचा माल जायला आमचा विरोध कधी होता? बंदी असताना मालदीवला जातो आणि मला तोच कांदा विकता येत नाही, यात त्याग कुणाचा झाला ते बघा. मैत्री देशाची आणि ती निभवायचा खर्च दोन-तीन जिल्ह्यांचा. चांदवडला मुंबई-आग्रा हायवेवर लोक बसले ते मालदीवच्या विरोधात नव्हते बसले.

आणि ऐकायचंच असेल तर सरकारला ऐकता येतं. ४ नोव्हेंबर २०१९, बँकॉक, आरसीईपी या आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारातून भारत बाहेर पडला. का? न्यूझीलंडची दूध पावडर येईल म्हणून दूध संघांनी रान उठवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा पंतप्रधान जाहीरपणे म्हणाले की शेतकरी, मच्छीमार, दूध उत्पादक यांच्या हिताशी तडजोड नाही. मला ते मनापासून आवडलं. मग तेव्हा शेतकरी परराष्ट्र धोरणात चालतो आणि कांद्याच्या वेळी तो लुडबूड करतो, असं कसं?

व्हेटो कोणीच मागत नाहीये, पेठकर. मागणी दोनच आहेत. निर्यात थांबवायची तर निदान पंधरा दिवस आधी सांगा आणि वाटेत असलेला, करार झालेला माल सोडा. आणि असा आदेश निघायच्या आधी त्या फाईलवर परराष्ट्र खात्याची सही असू द्या. बाकी कोटा द्या, मैत्री करा, आनंद आहे.

पेठकर
पंधरा दिवस आधी सांगितलं की त्या पंधरा दिवसांत आडतवाले सगळा माल सीमेपार करतील आणि बंदीचा उपयोग शून्य. ते जमणार नाही. परराष्ट्र खात्याच्या सहीचं म्हणणं मात्र चुकीचं नाही, तेवढं देतो तुम्हाला. बाकी ग्रामसभेचं वाक्य मी मागे घेत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
अन् संत्र्याचं?

बार_रूम
संत्र्याचा वेगळा धागा काढा, मी लिहीन त्यावर. शुल्काची वर्षवार आकडेवारी आणि तुमच्या काकांनी बगिचा कधी, किती भावाने दिला ते दोन्ही टाका, मग पेठकरांना तारखांवर बोलता येईल.

निफाडची_सून
आणि आडतवाले दादा, कट्टीचं उत्तर इथेच द्या, वेगळा धागा नको.