मदत हवी आहे: शाळा अनुदानाची बिलं कोणाकडे मागायची?

समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३१ ते १०० मुलांना वर्षाला २५ हजार, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. ८४ पटाच्या एका जिल्हा परिषद शाळेचं उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान खर्च झाल्याचा दाखला) पूर्ण खर्चाचं गेलंय, पण मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळाला तोटीच नाही, बादली बाहेरून भरून न्यावी लागते. प्रमाणपत्रात नुसती रक्कम असते, म्हणून कॅशबुक, व्हाउचर, बँक पासबुक, साठा नोंदवही आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावांची वही एकमेकांशी ताडून बघायची आहे. ठरावाची तारीख बिलानंतरची निघाली तर तिथेच पाणी मुरतंय.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अनुदानावर देखरेख समितीचीच. तरी समितीवर सदस्य असलेल्या पालकांनाच वही दाखवली जात नाही, हे फार चुकीचं आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करावा की गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या? चुकीच्या कार्यालयात गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली तो योग्य कार्यालयाकडे वर्ग होतो, पण दिवस जातात. झेरॉक्सऐवजी थेट अभिलेख तपासणी मागितलेली बरी का? अर्जाला असलेल्या १५० शब्द आणि एकच विषय या मर्यादेत बसणारा मसुदा कोणाकडे असल्यास कृपया द्यावा.