टेबलाखालचा वायरींचा गुंता कसा आवरायचा?

नमस्कार मंडळी,

घरून काम सुरू झाल्यावर बेडरूमच्या कोपऱ्यात एक साधं टेबल टाकलं. लॅपटॉप, मॉनिटर, स्पीकर आणि राउटर, एवढंच सामान. वरून छान दिसतं, पण खाली वाकून बघवत नाही. परवा व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप वायरीत अडकला आणि ऐन मीटिंगमध्ये मॉनिटर बंद पडला. वायरी लपवायचे तयार डबे मिळतात, ते घ्यावेत का? फार खर्च करायचा नाहीये.

———

ताई, नमस्कार.

डबा घेऊ नका. तो जमिनीवरच राहतो, म्हणजे टेबलावरची प्रत्येक वायर लोंबकळत खाली येणारच. त्याऐवजी एक्स्टेन्शन बोर्डच उचलून टेबलाच्या पोटाला स्क्रूने बसवा. मग सगळ्या वायरी वरच्या वर संपतात आणि भिंतीकडे एकच वायर जाते, तीही टेबलाच्या मागच्या पायाला धरून. माझं निम्मं काम एवढ्यानेच झालं.

बोर्डाच्या पाठीला अडकवायची भोकं असतात. त्यांच्यातलं अंतर मोजत बसू नका. पाठीवर कागद ठेवून पेन्सिलीने भोकं उमटवा आणि तो कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवून तिथेच स्क्रू मारा. फळी १८ मिमी जाड असेल तर स्क्रू लाकडात १२ मिमीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर टोक वर येईल. आधी सगळे प्लग काढा आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली कागदी चिकटपट्टी लावा. हे कंटाळवाणं आहे, पण पुढे काळ्या वायरींच्या गर्दीत राउटरचा प्लग शोधताना याचीच आठवण येते.

लॅपटॉपचा ॲडॅप्टर वायरीवर लटकत ठेवू नका. त्याच्या वजनाने पिन हळूहळू सैल होते. त्याला वेल्क्रोच्या पट्ट्याने फळीला धरून ठेवा किंवा मागच्या कडेला जाळीचा ट्रे लावून त्यात ठेवा. जुना तारेचा रॅक आडवा बसवला तरी चालतो.

वायरी बांधायलाही वेल्क्रोच वापरा. प्लास्टिकचे टाय दिसतात नीटनेटके, पण एक वायर बदलायची तर सगळे कापावे लागतात. मी असाच एक टाय कापताना शेजारची लॅन केबल कापली. स्पीकरची बारीक वायर वीजवायरींच्या जुडग्यात घालू नका, गुणगुण ऐकू येऊ शकते. मॉनिटर पुढे-मागे करत असाल तर त्याच्या वायरीला हातभर ढील ठेवा.

———

दादांनी सांगितलेलं पटलं. दोनच गोष्टी जोडते. एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन लावू नका. आणि पायाशी ठेवायचा हीटर किंवा लेझर प्रिंटर या बोर्डावर नको, त्यांचा प्लग थेट भिंतीत. लॅपटॉपचा ॲडॅप्टर बहुधा ६५ वॉटचा असतो, पण हीटर सहज १५०० वॉट ओढतो. ट्रेवर कापड किंवा पुठ्ठाही टाकू नका. ॲडॅप्टर गरम होतात, त्यांना हवा लागते.

———

दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण आहे: टेबल घरमालकांचं आहे, स्क्रू मारता येणार नाही. दुहेरी चिकटपट्टी चालेल का?

———

ताई, वायरींच्या छोट्या क्लिपांना चालेल. आधी ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि क्लिप लावल्यावर एक दिवस तिच्यावर वजन देऊ नका. धुळीवर लावलेली पट्टी हमखास सुटते.

बोर्डाला मात्र चिकटपट्टी नको. प्लग ओढताना बोर्डाला दर वेळी हिसका बसतो, आणि एक दिवस तो पायावर येईल. टेबलाच्या कडेला शिकंज्यासारखा आवळायचा ट्रे मिळतो. तो घ्या, बोर्ड आणि ॲडॅप्टर दोन्ही त्यातच ठेवा. फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून शिकंज्याखाली जाड कापडाची घडी घाला. घर सोडताना ट्रे काढून बरोबर नेता येईल.

ट्रे घेण्याआधी टेबलाच्या मागच्या कडेला आडवी पट्टी आहे का ते बघा. असली तर शिकंजा तिथे बसणार नाही, बाजूच्या कडेला लावावा लागेल. फळीची जाडी आणि टेबलाखालचा एक फोटो पाठवा, मग नक्की सांगतो.